पंपाला हो कोण म्हणालं

३ मार्च, सोमवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काय खाल्लं, कधी खाल्लं, साखर किती होती, सगळं लिहून ठेवा. म्हणून ही वही. मला सवय आहे ती लिफ्टच्या तपासणी अहवालांची. घरातल्या माणसाचा अहवाल कधी लिहिला नाही. बघू जमतंय का.

काल दुपारी साडेचारला ही गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली ती बराच वेळ आली नाही. वर जाऊन पाहतो तर ओला टॉवेल हातात धरून नुसती उभी. म्हटलं, "काय झालं गं?" तर मला विचारते, "हा कुणाचा?" टॉवेल तिचाच. कपाळावरून घाम निथळत होता. साखर सेहेचाळीस. दोन पेले फळांचा रस पाजला. वीस मिनिटांनी टॉवेलाची ओळख पटली आणि माझीही.

हिचा मधुमेह पंचविसाव्या वर्षापासूनचा. हिचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही. तीस वर्षं सुया टोचून घेतल्या, गेल्या वर्षी पंप बसवला. काड्यापेटीएवढी डबी पोटाला चिकटलेली असते, दंडावर नाण्याएवढा सेन्सर. पंपात स्वतःचं सिमकार्ड आहे. रोजचं ठरलेलं इन्सुलिन तो आपणहून देतो, पण साखर चढायला लागली की जास्तीसाठी फोनवर प्रश्न येतो, 'दोन युनिट देऊ का?' हो म्हटलं की पंप इन्सुलिन सोडतो, नाही म्हटलं की गप्प बसतो. किती खाल्लं, किती पोहलं हे पंपाला कळत नाही, म्हणून नाही म्हणायचं ते माणसानेच. हिला कधी दाबता आलं नाही तर पंचाईत नको, म्हणून लेकीने माझाही फोन जोडून दिलाय. तोच प्रश्न माझ्याकडेही येतो. मी कधी हात लावत नाही. तो हिचा कारभार.

आज दवाखान्यात पंपाची नोंद काढली. काल सव्वातीनला दोन युनिट, तीन चाळीसला आणखी तीन. दोन्हींपुढे शेरा, 'मंजुरी मिळाली'.

ही म्हणाली, "मी नाही दाबलं."

डॉक्टरीणबाई समजुतीने म्हणाल्या, "होतं असं. साखर उतरली की आठवत नाही माणसाला."

"उतरायच्या आधीचं तर आठवेल की नाही?"

नोंद म्हणजे नोंद. एकतीस वर्षं हेच करतोय. लिफ्ट मधेच अडकली की जो तो शपथेवर सांगतो, मी काही दाबलंच नव्हतं. मग मी पेटीतली नोंद काढतो आणि सगळे गप्प होतात.

५ मार्च, बुधवार

सकाळी ११८, जेवणाआधी १०२, संध्याकाळी १३१. काही गडबड नाही.

आज अकरा मजली इमारत होती. खड्ड्यात उतरून दोर तपासले. गेल्या महिन्यात फोनवर फुकटचा टॉर्च घेतलाय, साध्या टॉर्चच्या दुप्पट उजेड देतो. घेताना पन्नास परवानग्या मागत होता, सगळ्यांना हो हो म्हटलं आणि कामाला लागलो. उजेड मात्र खरंच झकास. फक्त फोन फार तापतो हल्ली. शर्टाच्या खिशात इस्त्री ठेवल्यासारखा. तीन वाजेपर्यंत बॅटरी बसते. जुना झाला, दुसरं काय. माझ्यासारखाच.

८ मार्च, शनिवार

परत तेच. दुपारी चारला ५२. वेळीच लक्षात आलं, गोळ्या चघळल्या आणि सावरली. नोंदीत तीन युनिट, 'मंजुरी मिळाली'. ही म्हणते, प्रश्न आला होता, मी 'नाही'वर बोट ठेवणार तोच तो पडद्यावरून गेला.

"असा कसा जाईल?"

"ते मला काय विचारता? गेला."

त्यात सकाळी साडूंचा फोन. आधीच बिचारे एकटे पडलेत. हिची धाकटी बहीण जाऊन आता पाच महिने होतील. पण आज आवाज चढलेला. "अहो, तो कसला फोटो पाठवलात? 'हा तुमचाच ना' म्हणून? उघडला तर फोनवर जाहिरातींचा पूर आलाय."

म्हटलं, "मी नाही पाठवला."

"तुमच्याच नंबरवरून आलाय. काल अकरा वाजता."

"काल अकराला मी मशीनच्या खोलीत हातभर ग्रीस लावून बसलो होतो! मी नाही म्हणतोय म्हणजे नाही!"

फोन ठेवल्यावरही किती वेळ डोकं तापलेलं होतं. इतक्या वर्षांची ओळख, पण माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायला काय जातं?

१० मार्च, सोमवार

हे इथेच लिहितो, दुसरीकडे बोलायची सोय नाही.

ही कपाटं आवरतेय. गेल्या आठवड्यात वरचा कप्पा, आज मधला. चांगले कपडे घड्या घालून पिशव्यांत भरलेत, प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी. एक लेकीसाठी, एक तिच्या पोहण्याच्या तलावावरच्या बायकांसाठी. पत्रांचा गठ्ठा होता, तोही फाडून टाकला. मी दारात उभा राहून पाहत होतो.

"एवढी काय घाई?"

"घाई कसली? आवरलेलं बरं. मागच्यांना त्रास नको."

मागच्यांना.

बहीण गेली त्या दिवशी ही रडली नाही. नुसती म्हणाली, "आता पुरे." मला वाटलं होतं, दमलीय. आज ते दोन शब्द सारखे कानात घुमताहेत. जास्तीचं इन्सुलिन, 'मी नाही दाबलं', आणि ह्या पिशव्या. अहवाल लिहायला बसलो असतो तर निष्कर्षाला एक ओळसुद्धा लागली नसती.

११ मार्च, मंगळवार

विचारलं. सरळ नाही विचारता आलं. म्हटलं, "तुला जगायचा कंटाळा आलाय का?"

ही भाजी चिरत होती. सुरी थांबली. "म्हणजे तुम्हाला वाटतं मी मुद्दाम करतेय?"

"मला काही वाटत नाही. नोंद म्हणते."

"नोंद म्हणते." एवढंच बोलून पुन्हा चिरायला लागली. मग पाठमोरीच म्हणाली, "बहिणीचं कपाट आवरायला मला सहा आठवडे लागले. एकेक कपडा हातात घ्यायचा आणि रडायचं. ते लेकीच्या वाट्याला यायला नको, म्हणून आवरतेय. झालं समाधान?"

नाही झालं. पटण्यासारखं होतं. पण नोंदीचं उत्तर त्यात नव्हतं.

१३ मार्च, गुरुवार

काल ५८. एक डोस. हिने जेवताना फोन उलटा ठेवला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे बहुधा त्याआधी दाबलं असणार.

डॉक्टरीणबाईंना एकट्याने जाऊन भेटलो. हिच्या नकळत गेलो, ते बरं नाही वाटलं. सगळं सांगितलं, कपाटाचंसुद्धा. त्यांनी नोंद पुन्हा काढून पाहिली. म्हणाल्या, मन मोकळं करायला कुणाकडे तरी पाठवू या. तोवर एक करता येईल. रुग्णाच्या फोनवरची मंजुरी बंद करून ती फक्त घरच्या माणसाकडे ठेवता येते. लहान मुलांसाठी तशी सोय आहे.

म्हटलं, "करून टाका."

१४ मार्च, शुक्रवार

आज हिच्या लक्षात आलं. प्रश्न येतो पण बटणं करड्या रंगाची, दाबली जात नाहीत. फोन माझ्यापुढे धरला. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

"तीस वर्षं माझी साखर मी सांभाळली. तुमची लेक पोटात असताना दिवसातून आठ वेळा बोट टोचून सांभाळली. आता मला लहान मूल केलंत?"

"तुझ्या भल्यासाठीच..."

"नका बोलू."

रात्रीचं जेवण वेगवेगळं झालं. पण छातीवरचा दगड उतरला, खोटं कशाला बोलू? आता माझ्या मंजुरीशिवाय जास्तीचा एक थेंब आत जाणार नाही.

१७ मार्च, सोमवार

तीन दिवस साखर व्यवस्थित. पाहिलंत? असं मनातल्या मनात म्हटलं, कुणाला उद्देशून ते माहीत नाही. खरं तर तीनही दिवस माझा फोन बहुतेक वेळ बंदच होता, चार्जर जळाला म्हणून. आज नवा आणला.

हिला तलावावर जायचं होतं. मोठ्या बायकांना पोहायला शिकवते ही, बारा वर्षं झाली. पन्नाशीच्या, साठीच्या. कुणाला गुडघ्यांसाठी शिकायचं असतं, कुणाला आयुष्यभराची भीती घालवायची असते. गेले दोन आठवडे मी जाऊ देत नव्हतो. आज म्हटलं, "जा की. आता काळजी नाही."

माझ्याकडे न बघता पिशवी उचलून गेली. उद्याही जाणार आहे.

१९ मार्च, बुधवार

काल लिहायला झालं नाही. आज लिहितोय ते इस्पितळाच्या बाकावर बसून.

काल सव्वाअकराला ही पाण्यात होती. उथळ बाजूला नव्हे, मधे, जिथे पाय टेकत नाहीत. ओळीने बायकांना तरंगायला लावत होती. बोलता बोलता थांबली आणि हात हलेनासे झाले. बायकांना वाटलं, काहीतरी नवीन शिकवतेय.

त्यांच्यात एक आहे, सगळ्या तिला भित्री म्हणतात. तीन महिने झाले, काठाची दांडी सोडली नव्हती तिने. तिलाच आधी कळलं, कारण ती पोहत नव्हती, नुसती हिच्याकडे बघत होती. तिने दांडी सोडली. कशी पोचली ते तिला स्वतःलाही सांगता येत नाही. हिची हनुवटी वर धरून ओरडत राहिली, बाकीच्यांनी ओढत काठाला आणलं. मी पोचलो तेव्हा ती चादर गुंडाळून बसली होती. मला म्हणाली, "त्यांनीच शिकवलंय, नाक वर ठेवायचं. मी त्यांचं नाक वर ठेवलं."

साखर एकवीस होती. एकवीस. रुग्णवाहिकेतल्या माणसाने दोनदा मोजली.

आज सकाळी डोळे उघडले. बोलते आहे.

२० मार्च, गुरुवार

नोंद आली. मंगळवारी दहा पन्नासला चार युनिट, अकरा दोनला आणखी चार. दोन्हींपुढे 'मंजुरी मिळाली'.

मंजुरी देऊ शकणारा फोन एकच होता. तो माझ्या खिशात होता.

डॉक्टरीणबाईंनी हळू आवाजात विचारलं, "दहा पन्नासला तुम्ही कुठे होतात?" म्हटलं, सहाव्या मजल्यावर, ब्रेक तपासत होतो. फोनला हात लावला नाही. त्या म्हणाल्या, "होतं असं. कामाच्या गडबडीत आठवत नाही माणसाला."

मग इस्पितळाच्या समाजसेविकेने वेगळ्या खोलीत बसवलं. पाण्याचा पेला पुढे ठेवला. घरात भांडण होतं का? बायकोच्या आजारपणाचा कंटाळा आलाय का? तिच्या हातातून मंजुरी काढून घ्यायची कल्पना कुणाची? माझीच, म्हटलं. तिने ते लिहून घेतलं. ती लिहीत असताना मला माझाच चेहरा दिसला, अहवाल लिहितानाचा.

लेक व्हिडिओवर होती. रडून डोळे सुजलेले. "बाबा, चुकून दाबलं असेल तर सांगा. मी रागावणार नाही."

"मी नाही दाबलं गं!"

"पण नोंद तर..."

सगळे हिच्या खाटेभोवती. कुणी माझ्याकडे बघेना. हिच्या नाकात नळी, आवाज घोगरा. म्हणाली, "ते नाही दाबलं म्हणतात ना? मग नाही दाबलं. फोन बघा त्यांचा."

सगळ्या खोलीत तेवढं एकच माणूस असं म्हणालं.

मी बाहेर येऊन जिन्यात बसलो. साडूंच्या फोनची आठवण झाली. तेव्हा मी किती ओरडलो होतो, आणि त्याच दिवशी दुपारी हिला 'असा कसा जाईल' म्हणून विचारलं होतं. एकच दिवस होता तो.

२२ मार्च, शनिवार

पंपाच्या कंपनीतून एक मुलगी आली. पंचविशीची, केस आखूड, बोलायला फटकळ. माझा फोन घेतला, नेट तोडलं, आपल्या संगणकाला जोडला. तासाभराने म्हणाली, "काका, हा टॉर्च कुठून घेतलात?"

टॉर्चच्या पोटात व्हायरस होता. मी म्हटलं, "पण माझ्या बायकोच्या जिवावर कोण उठलं असेल?"

"कुणीच नाही. ह्याला तुमची बायको माहीत नाही, पंपही माहीत नाही. पडद्यावर 'हो' दिसलं की दाबायचं, एवढंच शिकवलंय ह्याला. जाहिराती दाबून घ्यायला बनवलाय. पंपाचा प्रश्न आला, त्यातही 'हो' होतं. दाबलं."

"आणि साडूंना तो फोटो?"

"ह्यानेच पाठवला. तुमच्या यादीतल्या सगळ्यांना पाठवलाय."

मी विचारलं, असं आणखी कुणाला झालंय का? ती वायर गुंडाळत म्हणाली, "आमच्याकडे ही पहिली केस. पण आता हृदयाची यंत्रं, श्वासाची यंत्रं, सगळी फोनवर यायला लागलीत. शेवटची नसणार." मग जरा थांबून म्हणाली, "आमचंही चुकलंय. एवढा मोठा प्रश्न आणि नुसतं एक 'हो'. नोंदीत मंजुरी कुठल्या फोनवरून आली तेसुद्धा डॉक्टरांना दिसत नाही. मी लिहून देणार आहे वर." देईल असं वाटलं.

लिफ्टच्या दारात कुणाचं बोट अडकू नये म्हणून मी दाराला शंभरदा पेन्सिल लावून बघतो. आणि हिच्या पोटातल्या नळीला मीच रस्त्यावरचा चोर जोडून दिला होता. वर हिचं कुलूप काढून किल्लीही त्यालाच दिली.

२४ मार्च, सोमवार

घरी आणलं. पंप काढून ठेवलाय, परत सुया. कंपनी म्हणते, नवा बदल आला की पुन्हा लावा. ही म्हणते, बघू.

माफी मागितली. शब्द जुळवून ठेवले होते, ते सगळे विसरलो. नुसतं "चुकलं माझं" म्हणालो.

ही म्हणाली, "फोनचं चुकलं ते तुमचं नाही. ते मी कधीच सोडून दिलं." चहाचा कप खाली ठेवला. "पण मी नाही म्हणत होते, माझ्या तोंडाने, तुमच्यासमोर बसून. पस्तीस वर्षं शेजारी झोपते मी तुमच्या. आणि तुम्ही मला काय ठरवलंत?"

मी तिचा कप उचलून विसळून ठेवला.

हिने बोट टोचून साखर मोजली. मी सवयीने विचारलं, "किती?"

"आकडा आता माझा," म्हणाली, आणि यंत्र पिशवीत टाकलं.

२७ मार्च, गुरुवार

फोनच्या यादीत दोनशे बारा नंबर. तीन दिवस कामावरून आलो की एकेकाला फोन करतोय. "माझ्याकडून एक फोटो आला होता का? उघडलात का? मी पाठवला नव्हता, पण माझ्याच फोनवरून आलाय. दुकानात नेऊन साफ करून घ्या." काही हसले. काहींनी ठेवून दिला. माझे जुने साहेब म्हणाले, अरे, मी उघडला की! त्यांच्या छातीत हृदयाचं यंत्र आहे, फोनला जोडलेलं. तडक त्यांच्या घरी गेलो, फोन बंद केला, त्यांना घेऊन दवाखान्यात बसलो. सुदैवाने त्यांचं यंत्र फक्त सांगतं, कुणाचं ऐकत नाही.

एकशे चाळीस फोन झाले. ही मधेच येऊन शेजारी बसली, यादी पाहिली आणि तिच्या ओळखीचे नंबर स्वतःच्या फोनवरून लावायला लागली. बोलली माझ्याशी नाही. पण बसली.

२ एप्रिल, बुधवार

आता ह्या वहीत लिहायला आकडेच नाहीत. ती मोजते, टोचते, जेवते. मी बघतो आणि विचारत नाही. न विचारणं इतकं जड असतं हे माहीत नव्हतं. आज टेबलावर यंत्र उघडं होतं, आकडा वरच्या बाजूला. मी मान वळवली. तिने पाहिलं की नाही कोण जाणे.

डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता. हिची माफी मागितली त्यांनी. ही त्यांच्याशी हसून बोलली. मला थोडा हेवा वाटला.

१९ एप्रिल, शनिवार

आज ही महिन्याने तलावावर गेली. सोबत येऊ का, असं विचारायचं धाडस नव्हतं. पिशवी उचलताना म्हणाली, "येणार असाल तर चप्पल काढून बसावं लागतं काठावर."

बसलो. बायकांनी टाळ्या वाजवल्या. भित्री तिथेच होती, दांडीपासून दोन हात लांब. त्याचं तिला फार कौतुक आहे, मला तीनदा सांगितलं. ही पाण्यात उतरली तेव्हा मी दोन्ही हातांनी बाकाची कड धरून बसलो. अर्ध्या तासाने काठाशी आली, हात पुसले, पिशवीतून यंत्र काढलं, बोट टोचलं.

मी समोरच्या घड्याळाकडे बघत राहिलो.

"अहो," ही पाण्यातूनच ओरडली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "एकशे चव्वेचाळीस! अजून एक फेरी मारते."

मी विचारलं नव्हतं.